सव्वादोन पानांचे जज्जसाहेब

जज्ज फिलँडर स्टोकली यांचं चरित्र लिहायचं काम कोर्टाचा कारकून इनॉस टटल याच्या गळ्यात पडलं, यात नवल काहीच नव्हतं. अठ्ठावीस वर्षं साहेबांचं सगळं लिखाण तोच तर करत होता! निकाल इनॉसने लिहायचे, भाषणं इनॉसने लिहायची, बाईसाहेब माहेरी गेल्या की त्यांना विरहाचं पत्रसुद्धा इनॉसनेच लिहायचं. साहेबांनी खाली सही तेवढी ठोकायची. सही मात्र बघत राहावी अशी. पहिल्या अक्षराची शेपटी कागदाच्या पार उजव्या कडेला जाऊन, तिथे दोन गिरक्या घेऊन, परत यायची. वरचा मजकूर वाचायची साहेबांना सवय नव्हती. वाचणं हे कारकुनाचं काम, असं त्यांचं मत होतं.

१८८२ च्या वसंतात शिकागोची एक कंपनी लॅम्प्टन काउंटीचा इतिहास छापायला निघाली. इतिहास म्हणजे काय, तर पहिल्या वीस पानांत रेड इंडियन आणि अस्वलं, आणि पुढच्या सहाशे पानांत ज्याने ज्याने पैसे भरले तो. साध्या शेतकऱ्याला आठ ओळी. गिरणीवाल्याला अर्धं पान. जज्जसाहेबांनी सव्वादोन पानं घेतली, वर आपलं पूर्ण पानभर चित्र. ज्याचं चरित्र त्यानेच लिहून द्यायचं, छापील नमुना आला की खाली सही करून परत धाडायचा, आणि ती सही चित्राखाली जशीच्या तशी उमटायची. "म्हणजे चुकांना जागाच राहत नाही," असं कंपनीचा माणूस अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा.

मग एके दिवशी दुपारी साहेबांनी विझलेल्या शेगडीवर पाय टाकले, तंबाखूची चिमूट गालात सारली आणि जन्मापासून सुरुवात केली.

"लिही. ओंडक्यांच्या गरीब झोपडीत जन्म."

इनॉसने मान वर केली. "साहेब, तुमच्या वडिलांचं विटांचं दुमजली घर अजून उभं आहे. पोस्टमास्तर राहतो तिथे."

"घराच्या मागे कोंबड्यांचं खुराडं होतं ना? ओंडक्यांचं?"

"होतं."

"मग! माझं सगळं बालपण तिथे गेलं. पुढे लिही. कायद्याचा गाढा अभ्यास."

हा गाढा अभ्यास इनॉसला चांगला ठाऊक होता. म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत सहा महिने, पुस्तक एकच, त्याचीही शेवटची पानं उंदरांनी पळवलेली. परीक्षा खानावळीत झाली. परीक्षकाने प्रश्न दोन विचारले. पहिल्याचं उत्तर येईना, आणि दुसरा विचारायच्या आत साहेबांनी सगळ्यांसाठी व्हिस्की मागवली. संध्याकाळी ते वकील होते.

"आता राजकारण. तत्त्वाशी आयुष्यभर एकनिष्ठ, असं घाल."

"कोणत्या तत्त्वाशी?" इनॉसने विचारलं. भाबडेपणानेच विचारलं हो, कारण साहेबांनी चार पक्ष बदलले होते, आणि एकदा तर रविवारी एका पक्षाच्या सभेत अध्यक्ष होऊन मंगळवारी दुसऱ्याच्या.

"तत्त्वाशी, एवढंच लिही. कोणत्या असं विचारणारा माणूस पैसे टाकून पुस्तक घेत नाही, इनॉस."

त्यानंतर त्यांचा तो गाजलेला निकाल आला. क्लाउस फेर्बर नावाचा जर्मन शेतकरी, त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. शेजाऱ्याने दिलेल्या कागदावर त्याने बिचाऱ्याने कुंपणाचा कागद समजून सही केली आणि अक्रोडाचं अख्खं रान गमावून बसला. कोर्टात हात जोडून म्हणाला, मी वाचलं नव्हतं. तेव्हा साहेब खुर्चीतून अर्धे उठून गरजले होते, "ज्याने सही केली त्याने वाचलं, असंच हे कोर्ट धरतं! सही तुझी, तर वरचा शब्द न् शब्द तुझा!" हे वाक्य काउंटीत इतकं फिरलं की बायका नवऱ्यांना ऐकवायच्या. साहेबांना त्याचा कोण अभिमान.

"जसंच्या तसं घाल. आणि आता आमच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं प्रकरण. 'कुख्यात घोडेचोर एझ्रा डिनविडी याला तुरुंगात धाडून जज्ज स्टोकली यांनी काउंटीचे घोडे कायमचे निर्धास्त केले.' झोकात लिही, काय? याच भाषणावर मी राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेलो, आणि येत्या नोव्हेंबरात याच भाषणावर वॉशिंग्टनला जाणार आहे."

इनॉसची लेखणी थांबली. साहेबांचं लक्ष नव्हतं. ते पिकदाणीवर नेम धरत होते.

एझ्रा डिनविडी हा गावच्या नदीवरचा नावाडी. १८५८ च्या ऑगस्टात हायरम लूमिसची करडी घोडी नाहीशी झाली आणि तिचा दोर एझ्राच्या हातात सापडला. दोर काठावर पडलेला मिळाला, असं तो सांगत राहिला. पण गावात घोडेचोर-पकड मंडळ होतं, छातीवर पत्र्याचे बिल्ले लावून हिंडणारं, आणि दोन वर्षांत त्यांनी एकही चोर पकडला नव्हता. ज्यूरीच्या बारा जणांपैकी सात जण बिल्लेवाले. अकरा मिनिटांत दोषी ठरवून मोकळे! साहेबांनी पाच वर्षांची सक्तमजुरी ठोठावली आणि वर तासभर भाषण दिलं. भाषण अर्थातच इनॉसने लिहिलेलं.

आणि सप्टेंबरात घोडी परत आली. पोहून नदीपार गेली होती आणि पलीकडच्या एका शेतकऱ्याच्या घोड्यांत मजेत चरत होती. लूमिस सरळ माणूस. तो कोर्टात आला, इनॉससमोर शपथ घेऊन लिहून दिलं की घोडी चोरीला गेलीच नव्हती. इनॉसने त्याच दिवशी गव्हर्नरला माफीचं पत्र तयार केलं आणि साहेबांपुढे सहीला ठेवलं. तेवढा एक कागद साहेबांनी वाचला! अठ्ठावीस वर्षांत वाचलेला तो एकच कागद. वाचून म्हणाले, "नोव्हेंबरनंतर बघू," आणि पत्र ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. निवडणूक दोन नोव्हेंबरला होती. एझ्रा एकोणीस ऑक्टोबरला तुरुंगाच्या चुनखडीच्या खाणीवर तापाने मेला. घोडी आली ती मंडळाच्या धाकाने चोराच्या साथीदारांनी सोडून दिली म्हणून, असं साहेबांनी सभांतून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. लूमिस कॅन्ससला निघून गेला. इनॉसला नोकरी होती, चार पोरं होती, तोंडाला कुलूप घालायला तेवढं पुरलं.

एझ्राची बायको ओर्फा तेव्हा सहा महिन्यांची पोटुशी होती. तिने नवऱ्याची नाव चालवायला घेतली. इनॉसचं घर नदीपलीकडे. पूल तिथून सात मैलांवर. म्हणून गेली चोवीस वर्षं तो रोज सकाळ-संध्याकाळ ओर्फाच्या नावेत बसत होता आणि रोज पाण्याकडे बघत होता.

साहेबांनी मजकूर सांगितला त्याला आठवडाही झाला नसेल, ओर्फा कोर्टात आली. हातावर वल्ह्याचे घट्टे, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी. शाळेत दोघं एका बाकावर बसलेले. तिची शाळा दुसऱ्याच हिवाळ्यात सुटली, अक्षरं शिकायची राहिलीच. "इनॉस" आणि "तू" एवढं मात्र तिथपासून चालत आलेलं.

"तो पुस्तकवाला काल माझ्या नावेत होता," ती म्हणाली. "मी कोण हे त्याला काय माहीत! जज्जाने त्याला आपलं चरित्र तोंडी ऐकवलंय, त्याचं कौतुक सांगत होता. त्यात एझ्राचं नाव आहे म्हणे?"

"आहे."

"काढ."

"ओर्फा, अगं ते साहेबांचं..."

"मी दुसरं काही मागतेय का? तो चोर नव्हता असं लिही म्हणतेय का? मला ठाऊक आहे, तुम्हाला सगळ्यांना पटायचं नाही. फक्त नाव काढ. शाळा-मंडळ हे पुस्तक प्रत्येक शाळेत ठेवणार आहे. दर शुक्रवारी पोरांनी त्यातलं मोठ्याने वाचायचं. माझी लव्हिनिया त्या शाळेत मास्तरीण आहे, इनॉस! ती उभी राहून ऐकणार, आपला बाप कुख्यात म्हणून? पोरं तिला शाळेत राहू देतील?"

बोलता बोलता तिचा आवाज फुटला, तसा तिने टोपीचा बंद उगाचच घट्ट केला. इनॉस म्हणाला, बोलतो साहेबांशी. आणि खरंच बोलला.

"नाव काढू?" साहेब हसले. "अरे, नाव नसलेला चोर कोणाला पकडता येतो का? लोकांना नाव लागतं."

"साहेब, त्याची मुलगी शाळेत शिकवते. आणि ओर्फा..."

"ती होडीवाली? तिला कुठे वाचता येतं!" साहेबांनी पिचकारी मारली. नेम बरोबर बसला म्हणून खूश झाले.

इनॉस टटल हा काही शूर माणूस नव्हता. शूर असता तर ही गोष्ट चोवीस वर्षांपूर्वीच संपली असती. पण "तिला कुठे वाचता येतं" हे वाक्य काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना. तो चार दुपारी दार लावून लिहीत बसला. झोपडी ठेवली, गाढा अभ्यास ठेवला, तत्त्व ठेवलं, सहीचा निकाल जसाच्या तसा ठेवला. डिनविडीचा परिच्छेद मात्र त्याने घडला तसा लिहिला, तारखांसकट, आणि साहेबांना आवडते त्या लांबलचक, फुलोऱ्याच्या भाषेत. शेवटी एक वाक्य स्वतःबद्दल घातलं. ते लिहायला त्याला आख्खी एक दुपार लागली.

जूनमध्ये छापील नमुना आला, सोबत चित्र. झालं! साहेबांनी तीन दिवस कोर्ट बंद ठेवलं.

"इनॉस, हनुवटी बघ! मला दोन हनुवट्या आहेत का रे?"

"तीन आहेत," बाईसाहेब भरतकामावरून मान न उचलता म्हणाल्या. "एक त्या गरिबाने आधीच कमी केलीय."

हनुवटीवरून शिकागोला दोन पत्रं गेली. कल्ल्यांवरून एक. नाकावरचा चामखीळ काढावा की इतिहासासाठी ठेवावा, यावर साहेबांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. इनॉसने मजकुराची पानं पुढे ठेवली.

"साहेब, सहीच्या आधी एकदा वाचून घ्या."

"तू लिहिलंयस ना?"

"हो, पण वाचा. मी मुद्दाम सांगतोय, वाचा."

"काय डोकं खातोस! तू लिहिलंस, मी वाचायचं कशाला? तू काय लिहिणार आहेस असं मोठं!"

आणि शेपटी उजव्या कडेला गेली, दोन गिरक्या घेऊन परत आली.

ऑगस्टात जुन्या वसाहतकऱ्यांचा मेळा भरला. कोर्टामागच्या झाडीत अख्खा बैल भाजायला लावलेला, लाकडी फळ्यांवर मक्याचे पाव, तळलेल्या कोंबड्या, पीचचे केक, पिंपभर लिंबूपाणी. काउंटी लोटली होती. पुस्तकांची खोकी सकाळीच स्टेशनवर उतरली आणि साहेबांनी जाहीर केलं की आपलं चरित्र आपण स्वतः वाचून दाखवणार. आधी चाळून बघावं म्हटलं तर ते चित्रावरच अडकले होते. तशी गरजही त्यांना कधी वाटली नव्हती. अठ्ठावीस वर्षं ते न वाचलेली भाषणं ठोकत आले होते. नजर आधी वाक्यावर, मग लोकांवर, हात वर, टाळ्या. अर्थ मागाहून आला तर आला.

इनॉस व्यासपीठाच्या पायरीवर बसला होता. आपल्याला पळून जायला हवं होतं, असं त्याला फार वाटत होतं.

झोपडी आली, टाळ्या पडल्या. पोस्टमास्तर एवढा हसला की लिंबूपाणी नाकात गेलं. अभ्यास झाला, तत्त्व झालं. सहीचा निकाल साहेबांनी असा गरजून वाचला की झाडावरचे कावळे उडाले. पहिल्या रांगेत म्हातारा क्लाउस फेर्बर कानामागे हात धरून ऐकत होता.

"'सन १८५८ च्या त्या ऑगस्टात,'" साहेबांनी आवाज खाली आणला, "'एझ्रा डिनविडी नामक नावाड्यास या थोर न्यायाधीशाने तुरुंगात धाडिले. आणि अकरा सप्टेंबरच्या मंगल प्रभाती ती करडी घोडी, जिला कोणत्याही मानवाने कधीही चोरले नव्हते, पलीकडल्या कुरणातून सुखरूप घरी आली!'"

हात वर गेला. टाळ्या आल्या नाहीत. साहेबांना वाटलं जोर कमी पडला, म्हणून त्यांनी पुढचं वाक्य अजून चढवून वाचलं.

"'घोडीच्या मालकाने शपथेवर तसे लिहून दिले. माफीचे पत्र न्यायाधीशांच्या मेजावर आले. न्यायाधीशांनी ते वाचले, आणि निवडणूक जवळ असल्याकारणे आपल्या ड्रॉवरमध्ये...'"

इथे अर्थ पोचला. तोंड उघडंच राहिलं. तीनही हनुवट्या लटकल्या.

"हे मी लिहिलेलं नाही!" साहेब ओरडले. "ही लबाडी आहे! मी यातलं अक्षर वाचलेलं नाही!"

क्लाउस फेर्बर सावकाश उठला. गुडघे दुखत होते त्याचे, पण घाई त्याला नव्हतीच. अठरा वर्षं थांबला होता तो.

"जज्जसाहेब," तो म्हणाला, "चित्राखाली सही कोणाची?"

साहेबांनी खाली पाहिलं. शेपटी पानभर पसरली होती.

"तुमचीच ना? मग वाचलंत तुम्ही. कोर्ट असंच धरतं. माझं अक्रोडाचं रान तसंच गेलं."

आधी कोणीतरी एकजण फिसकन हसला आणि मग बांध फुटला. बिल्लेवाले हसले, बायका हसल्या, बैल भाजणारा सुरी टाकून हसला. साहेबांनी पुस्तक मिटलं, चष्मा धुरकट झाल्याचं काहीतरी पुटपुटले आणि व्यासपीठावरून उतरले. बाईसाहेबांनी त्यांना शेजारी जागा दिली नाही.

हसू ओसरलं ते ओर्फा पुढे आली म्हणून. तिच्या हातात केकची ताटली तशीच होती.

"पुढे काय आहे?" ती म्हणाली. "मला वाचता येत नाही. कोणीतरी वाचा."

लव्हिनिया उठली, तशी तिने मुलीला हाताने खाली बसवलं. "तू नको. ज्याने लिहिलं तो वाचेल."

इनॉस वर चढला. मिटलेलं पुस्तक त्याने पुन्हा उघडलं. त्याने ड्रॉवर वाचला, कुलूप वाचलं, एकोणीस ऑक्टोबर वाचला, चुनखडीची खाण वाचली. फुलोऱ्याची भाषा त्याची त्यालाच किळसवाणी वाटू लागली. "'एझ्रा डिनविडी चोर नव्हता.'" एवढं एकच वाक्य त्याने साधं लिहिलं होतं.

"पुन्हा वाच," ओर्फा म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं. ती डोळे मिटून उभी होती, गालावरून धारा लागलेल्या, पुसायचं भानही नव्हतं. लव्हिनिया येऊन तिला बिलगली. बिल्लेवाल्यांपैकी दोघांनी टोप्या काढल्या, बाकीचे बुटांकडे बघत राहिले.

"'हे सर्व कोर्टाचा कारकून इनॉस टटल याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते,'" इनॉसने शेवटची ओळ वाचली, "'आणि तो गप्प बसला.'"

ओर्फाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, त्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि लव्हिनियाच्या हातात दिलं. "शुक्रवारी पोरांना हेच पान दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी इनॉसला नोकरीवरून काढलं. काढल्याचं पत्र लिहायला दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा तेही इनॉसनेच लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मगच सही केली. वॉशिंग्टनला जायचं त्यांनी त्या वर्षापुरतं रद्द केलं, तब्येतीच्या कारणाने.

इनॉस दौत आणि लेखण्या कागदात गुंडाळून काठावर आला. ऊन उतरत होतं. नाव उभी होती. ओर्फाने मान हलवली, तो नेहमीच्या जागी बसला. मनातून त्याला हलकं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, ती दोन शब्द चांगले बोलेल अशी त्याला आशाही होती. नोकरी गेली होती त्याची, तिच्यासाठी.

मधल्या धारेला आल्यावर तिने वल्हं थांबवलं.

"एझ्राला पुरलं त्या दिवशी तू टोपी काढून कबरीशी उभा होतास," ती म्हणाली. "माझा हात हातात घेतलास. देवाची इच्छा म्हणालास. तेव्हा ठाऊक होतं तुला?"

इनॉसने पाण्याकडे पाहिलं. मग बळ करून तिच्याकडे पाहिलं. "होतं."

तिने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. नाव पलीकडे लागली. तिने ती नेहमीसारखी नीट धरून ठेवली, त्याचा पाय घसरू नये म्हणून. तो उतरून काठावर उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "उद्यापासून पुलावरून जा, इनॉस."

पूल सात मैलांवर होता.